शीलेचं १९१८ चं सेसेशन पोस्टर: खरं ओळखायचं कसं आणि आपल्या हवेत टिकवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेने व्हिएन्ना सेसेशन या कलाकार-संघटनेच्या ४९व्या प्रदर्शनासाठी केलेलं लिथोग्राफ (दगडावर चित्र काढून छापलेलं) पोस्टर युरोपातल्या एका विक्रेत्याकडे आहे. फोटो आलेत, 'मूळ, १९१८' असं लिहून आलंय. खालची कड किंचित कापलेली आहे आणि पाठीला कापड डकवलेलं आहे. घ्यावं का, आणि घेतलं तर मुंबईच्या घरात भिंतीवर टिकेल का?

फोटोवरून 'नाही' म्हणता येतं, 'हो' म्हणता येत नाही. त्यामुळे आधी 'नाही' म्हणायला काही कारण आहे का ते शोधायचं. ते सापडलं नाही तर वस्तू प्रत्यक्ष पाहायची.

पोस्टर कशाचं आहे हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. मार्च १९१८ चं हे प्रदर्शन. महिनाभर आधीच, ६ फेब्रुवारीला, शीलेचा मार्गदर्शक चित्रकार क्लिम्ट गेला होता. या प्रदर्शनात मुख्य दालन शीलेला मिळालं आणि त्याची चित्रं खऱ्या अर्थाने विकली गेली ती इथेच. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इन्फ्लुएंझाच्या साथीत तोही गेला. पोस्टरवर टेबलाभोवती बसलेली मित्रमंडळी आहेत, टेबलाच्या टोकाला स्वतः शीले, आणि समोरची खुर्ची रिकामी. ती क्लिम्टची, असा अर्थ बहुतेक जण लावतात. छपाई व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेर्गर यांच्या छापखान्यातली. सेसेशनची आधीची बरीच पोस्टरंही तिथलीच. माप साधारण ६८ × ५३ सेंटिमीटर.

हे माप तुमची पहिली चाळणी. पट्टी धरून काढलेले फोटो मागवा, उभे आणि आडवे दोन्ही. बाजारातल्या बहुतेक रिप्रिंट तयार चौकटींच्या मापात असतात, ५० × ७० किंवा ६१ × ९१ सेंटिमीटर. माप चार-पाच मिलिमीटरने कमी असेल तर कडा कापल्या असतील, ते चालून जातं. पण प्रतिमाच लहान असेल, म्हणजे अक्षरांची उंची आणि आकृत्यांमधली अंतरं सगळी एकाच प्रमाणात आक्रसलेली असतील, तर विषय संपला. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर याच पोस्टरच्या प्रतींची मापं मिळतात. कागदाचं माप आणि प्रतिमेचं माप वेगवेगळं ताडून पाहा.

तुमच्या बाबतीत खालची कड कापलेली आहे, आणि छापखान्याचं नाव सहसा तिथेच बारीक अक्षरांत असतं. रिप्रिंटवर त्याच जागी प्रकाशकाचं किंवा संग्रहालयाचं नाव, स्वामित्वहक्काची ओळ, कधी बारकोड असतो. खोटेपणा लपवायचा असेल तर कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. कड फ्रेमवाल्यानेही कापलेली असू शकते, जुन्या काळी ते सर्रास करत. म्हणून कापलेली कड म्हणजे खोटेपणाचा पुरावा नव्हे. पण एक महत्त्वाचा साक्षीदार गेला, आणि किंमत त्या हिशेबानेच बोलायला हवी.

आता भिंग. दहापट भिंगावर काम सुरू होतं, तीसपट असेल तर उत्तम. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्सही चालते. विक्रेत्याला दोन जागांचे जवळून फोटो मागा: एक, जिथे एकच सपाट रंग आहे तिथला, शक्यतो पिवळट किंवा तपकिरी छटेचा, दुसरा, जिथे दोन रंग एकमेकांना भिडतात तिथला. काळ्या अक्षरांचा फोटो बघून निर्णय करू नका. ऑफसेट (आजच्या नेहमीच्या यांत्रिक छपाईच्या) रिप्रिंटमध्ये अक्षरं बऱ्याचदा भरीव काळ्या शाईतच छापतात, त्यामुळे ती भिंगाखालीही निर्दोष दिसतात.

काय पाहायचं ते कळायला दगडावरची छपाई कशी चालते ते माहीत हवं. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड घासून सपाट करतात आणि कमी-जास्त जाड वाळूने त्याला हवा तसा कण, म्हणजे बारीक खरखरीतपणा, देतात. त्यावर चरबी-मेण-साबणाच्या काळ्या खडूने किंवा तसल्याच पातळ शाईने चित्र काढायचं, अर्थातच उलटं. मग बाभळीच्या जातीच्या डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून ते दगडावर फिरवायचं. यामुळे जिथे खडू लागलेला नाही तो भाग पाणी धरतो आणि तेलकट शाई झिडकारतो. टर्पेंटाइनने खडू पुसला तरी त्याची स्निग्धता दगडात राहते. दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. एका रंगाला एक दगड, कागद प्रत्येक दगडाखालून एकदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडाऐवजी जस्ताचा पत्राही वापरत. तत्त्व तेच.

यातली कळीची गोष्ट अशी की दगड शाई घेतो किंवा घेत नाही. मधलं काही नसतं. फिकट छटा हवी असेल तर ती खडूच्या खरखरीतूनच यावी लागते. म्हणून अस्सल लिथोग्राफमध्ये खडूची रेघ भिंगाखाली वेड्यावाकड्या, लहानमोठ्या शाईच्या बेटांत फुटलेली दिसते. दाब दिला तिथे बेटं एकमेकांत मिसळलेली, हात हलका पडला तिथे विरळ. ती ओळीत बसत नाहीत, त्यांचा आकार ठरावीक नसतो, आणि सगळ्यांचा रंग एकच असतो. सपाट रंगाचा भाग खरोखर सपाट दिसतो, तपकिरी म्हणजे तपकिरी शाई.

रिप्रिंटमध्ये तोच तपकिरी रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचा बनलेला असतो. ठिपके ओळींत, वेगवेगळ्या कोनांत, आणि चारही रंग एकत्र आले की फुलासारखी नक्षी. साधारण छपाईत इंचाला १५० ते १७५ ओळी असतात. दहापट भिंगात त्या लपत नाहीत. एवढ्यावर दहातल्या नऊ वस्तूंचा निकाल लागतो, असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही.

उरलेल्या एकासाठी मात्र सावध राहायला हवं, कारण सापळे चार आहेत.

पहिला इंकजेटचा. त्याचे ठिपके ओळीत नसतात, सूक्ष्म तुषारांसारखे विखुरलेले असतात, आणि दहापट भिंगात ते दगडाच्या कणासारखे भासतात. तीसपटीवर जा आणि रंग मोजा. तपकिरी भागात निळसर किंवा किरमिजी तुषार दिसला की झालं.

दुसरा कोलोटाइपचा. ही छपाई जिलेटिनच्या थरावरून होते, तिला स्क्रीन, म्हणजे ओळीतल्या ठिपक्यांची जाळी, लागत नाही, आणि उत्तम प्रतिकृतींसाठी ती फार वापरली गेली. भिंगाखाली अळ्यांसारख्या बारीक सुरकुत्यांचं जाळं दिसतं, आणि खडूच्या रेघेच्या कडा मऊ, फोटोतल्यासारख्या विरघळलेल्या.

तिसरा सापळा उलट्या दिशेचा: खऱ्या लिथोग्राफमध्येही ठिपके असू शकतात. त्या काळचे छापखान्यातले कारागीर टोकदार लेखणीने हाताने ठिपके देत, किंवा शाईत बुडवलेला ब्रश जाळीवर घासून तुषार उडवत. ते ठिपके बघून घाबरायचं कारण नाही. ते एका रंगाचे आणि असमान असतात. ही नजर तयार करायला व्हिएन्नाला जावं लागत नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसची जुनी चित्रं अजून कितीतरी देवघरांत आहेत. लक्ष्मीच्या किंवा सरस्वतीच्या गालावर भिंग धरा. हाताने दिलेले, एकावर एक चढलेले वेगवेगळ्या शायांचे ठिपके दिसतील. मग त्याच चित्राची आजच्या कॅलेंडरावरची छपाई शेजारी ठेवा. अर्ध्या तासात डोळा जे शिकेल ते दहा लेख वाचून जमणार नाही.

चौथा सापळा सर्वांत अवघड. जुनं पोस्टर पुन्हा दगडावर किंवा पत्र्यावर हाताने उतरवून छापलेलं. स्क्रीन नाही, शाई एकरंगी, सगळं बरोबर. इथे भिंगापेक्षा कागद बोलतो.

कागदाकडे जाण्याआधी रंगांच्या सांध्याबद्दल. प्रत्येक रंग वेगळ्या दगडावरून आल्यामुळे ते शंभर टक्के जुळत नाहीत. कुठे अर्धा मिलिमीटर पांढरी फट राहते, कुठे एक रंग दुसऱ्यावर चढून तिसरा गडद रंग तयार होतो. अस्सल प्रतीत त्या चढलेल्या पट्टीत खालची शाई आणि वरची शाई वेगळी कळते, तिरप्या उजेडात वरच्या शाईची चकाकीही निराळी असते. रिप्रिंटमध्ये ही चूकसुद्धा फोटोतून जशीच्या तशी येते, पण फट आणि पट्टी दोन्ही ठिपक्यांचीच बनलेली असतात. डाग आणि घड्यांचंही तसंच. मूळ प्रतीवरचा पिवळा डाग कागदात मुरलेला असतो, बऱ्याचदा पाठीपर्यंत. छापलेला डाग फक्त पृष्ठभागावर. घडीच्या रेषेवर बोट न लावता तिरपा उजेड टाका. खऱ्या घडीवर कागदाचे तंतू उकललेले असतात, शाई सांडलेली असते. छापलेली घडी गुळगुळीत.

१९१८ म्हणजे महायुद्धाचं शेवटचं वर्ष. ऑस्ट्रियात सगळ्याचीच टंचाई, चांगला कागदही त्यात आला. शिवाय पोस्टर हे मुळातच काही आठवडे भिंतीवर टिकायचं काम. त्यामुळे लाकडाच्या लगद्याचा, पिवळट, कोपऱ्यांत ठिसूळ झालेला कागद हीच अपेक्षा ठेवा. शंभर वर्षांनंतर पांढराशुभ्र, लवचीक, जाड कागद दिसला तर आनंद मानू नका. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च स्वस्तात मिळतो. अंधारात धरा. कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात प्रकाश-उजळक रसायन आहे, आणि कागदात ते साधारण १९५० नंतर रुळलं. जुना कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी दिसतो. कागद झगझगला तर सौदा मोडायला तेवढं पुरे, पण न झगझगणं म्हणजे अस्सलपणाचं प्रमाणपत्र नव्हे. जुना कोरा कागदही बाजारात मिळतो. आणि तुमच्या पोस्टरला कापड आहे, तेव्हा कडेने दिसणारी चमक आजच्या कापडाची किंवा मधल्या कागदाची असू शकते. ती चुकून पोस्टरच्या नावावर टाकू नका.

याच टॉर्चने दुरुस्त्याही पकडता येतात. घडीवरचा उडालेला रंग नंतर जलरंगाने किंवा रंगीत पेन्सिलने भरलेला असेल तर तो भाग वेगळ्या छटेत, बहुतेकदा गडद ठिगळासारखा दिसतो. रंग भरला म्हणजे फसवणूक झाली असं नाही. भरला आणि सांगितलं नाही, तर मात्र विक्रेत्याचं बाकीचं बोलणंही तपासून घ्यावं.

कापड. पोस्टरच्या व्यवहारात कापडी पाठ ही रीतच आहे, दोष नाही. नीट केलेल्या कामात ताणलेल्या सुती कॅनव्हासवर आधी आम्लमुक्त कागदाचा थर आणि त्यावर पोस्टर, सगळं गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. असं काम पाण्याने परत सुटतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, पाठ झाकली जाते आणि पाठीवरचा पुरावा जातो: तेलकट शाईची आरपार उमटलेली तांबूस छाया, जुन्या खळीचे अवशेष, पेन्सिलीच्या खुणा. म्हणून कापड लावण्याआधीचे फोटो आहेत का हे विचारा. चांगला दुरुस्तीकार ते काढतोच. दोन, खळीऐवजी इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिक फिल्म किंवा कृत्रिम गोंद वापरला असेल तर तो सोडवताना कागद जातो. 'कशाने लावलंय' याचं उत्तर 'माहीत नाही' आलं तर सोडवण्याचा खर्च आणि धोका तुमचा आहे असं समजूनच आकडा सांगा.

एवढ्या सगळ्यावर माझं मत: कापलेली कड, झाकलेली पाठ आणि फक्त मोबाइलचे फोटो, या तीन गोष्टी एकत्र असताना पैसे पाठवू नयेत. सपाट रंगाचा तीसपट फोटो, अतिनील उजेडातला फोटो आणि अस्सल न निघाल्यास पैसे परत करण्याचं लेखी, एवढं मिळालं तर पुढे जायला हरकत नाही. 'मर्यादित आवृत्ती', 'क्रमांकित', 'पेन्सिलीत सही' असं काही पुढे आलं तर जास्तच सावध व्हा. जाहिरातीच्या पोस्टरला क्रमांक घालायची तेव्हा पद्धत नव्हती.

आता आलंच घरी, तर.

पोस्टर गुंडाळून ज्या नळीतून येतं ती आल्याबरोबर उघडून पोस्टर उलगडू नका. बंद नळी खोलीत एक दिवस तशीच ठेवा, म्हणजे विमानातल्या थंड-कोरड्या हवेतून आलेला कागद हळूहळू जुळवून घेईल. ठिसूळ कागद जोराने उलगडला की गुंडाळीला आडव्या समांतर चिरा पडतात, आणि त्या कायमच्या. कापडी पाठ असलेलं पोस्टर बहुधा वजनाखाली आपोआप सपाट होतं. पाठ नसलेला गुंडाळलेला कागद ओलसर हवेत सैल करावा लागतो. पसरट ट्रेमध्ये ओला टिपकागद, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर पोस्टर, वरून झाकण, आतल्या पाण्याचा थेंब कागदावर पडणार नाही अशा बेताने. तास-दोन तासांत कागद मऊ होतो. मग टिपकागदांच्या मध्ये ठेवून वर सपाट फळी आणि वजन. पहिला टिपकागद अर्ध्या तासाने बदलायचा, दुसरा दोन-तीन तासांनी, पुढे आठवडाभर रोज. बदलायचा कंटाळा केला की पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. आधी प्रत्येक शाईवर पाण्याचा टाचणीएवढा थेंब ठेवून टिपून पाहा. लिथोची तेलकट शाई पाण्याला दाद देत नाही, पण रबरी शिक्के आणि नंतर भरलेले रंग पसरतात.

लहान फाट जोडायला जपानी कोझो कागद, चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅमचा, आणि खळ. बाइंडरकडची मैद्याची खळ नको. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे कसर लागते आणि कागद पिवळा पडतो. गव्हाचं शुद्ध सत्त्व एक भाग, ऊर्ध्वपातित पाणी चार ते पाच भाग, अर्धा तास भिजवून मंद आचेवर २५-३० मिनिटं सतत ढवळत शिजवायचं. पारदर्शक, चकचकीत झालं की गार करून बारीक चाळणीतून दोनदा घासून काढायचं आणि लागेल तेवढं पाणी घालून दुधाच्या सायीइतकं पातळ करायचं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, आंबट वास आला की टाकून द्या. कोझोची पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून ती ओढून फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि सांधा जाड होत नाही. पट्टी पाठीकडून लावायची. कापड असेल तर हे काम घरी होणारच नाही. आणि धुणं, डाग उतरवणं, ब्लीच यातलं काहीही स्वतः करू नका. लगद्याच्या कागदावर एका जागी पाणी लागलं की त्याच्या कडेला तपकिरी ओघळाची रेषा बसते, आणि ती मूळ डागापेक्षा वाईट दिसते. सेलोटेप, लॅमिनेशन, पांढरा गोंद यांबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी.

फ्रेमवाल्याला चार गोष्टी लिहूनच द्या, तोंडी सांगितलेलं दुकानात विसरलं जातं. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि पाठचा पुठ्ठा शंभर टक्के सुती, आम्लमुक्त. पोस्टर फक्त वरच्या कडेला कोझोच्या बिजागऱ्यांनी टांगलेलं, चारी बाजूंनी डकवलेलं नाही, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि जागा नसेल तर लाटा येतात. काच आणि कागद यांच्यात माउंटच्या जाडीएवढी तरी फट. पाठीला प्लायवुड, एमडीएफ किंवा हार्डबोर्ड नाही, त्यांतून आम्लाची वाफ येत राहते. समोर अतिनील गाळणारी काच किंवा तीन मिलिमीटरचं तसलंच अ‍ॅक्रिलिक. या मापाला अ‍ॅक्रिलिक हलकं पडतं आणि फुटून कागदात घुसत नाही. पण ते कोरड्या फडक्याने पुसायचं नाही. स्थिर वीज तयार होते आणि सुटलेली शाई ओढली जाते.

मुंबईत खरा शत्रू ओल. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. बाहेरची, पाऊस झोडपणारी भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत दोन्ही वर्ज्य. आतल्या भिंतीवर लावा आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांना पाठीमागे बुचाचे आठ-दहा मिलिमीटरचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. रात्रभर एसी आणि दिवसभर बंद, हा चढउतार संथ दमटपणापेक्षा जास्त ताण देतो. त्यापेक्षा पावसाळ्याचे चार महिने पोस्टर उतरवून कपाटात आडवं, आम्लमुक्त कागदात, सिलिका जेलसोबत ठेवलेलं बरं. जेल तापवून परत कोरडं करत राहायला मात्र हवं. डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. आडवं ठेवायला जागाच नसेल तर रुंद नळीवर, किमान दहा-पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या, बाहेरून गुंडाळा, चित्र बाहेरच्या बाजूला. अरुंद नळीच्या आत कोंबू नका.

उजेडाचं गणित कडक आहे. संग्रहालयं असल्या कागदाला ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) देतात, तेही काही महिनेच, मग अंधारात विश्रांती. दिवसा खिडकीजवळच्या भिंतीवर याच्या कितीतरी पट उजेड असतो. एलईडी चालेल, पण चित्रावर रोखलेला स्पॉटलाइट नको. लगद्याचा कागद उजेडाने आधी पिवळा, मग तपकिरी होतो, आणि माउंटखाली झाकलेली कड मूळ रंगाची राहिल्याने फरक चौकट उघडली की लगेच कळतो.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. बिल, आयातीची कस्टमची पावती, पाठवण्याआधीचे आणि आल्यावरचे फोटो, पाठीसकट, एका फायलीत ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर पाठवताना पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आडवा येऊ शकतो. पुढे कधी युरोपात विकायला किंवा दुरुस्तीला पाठवायची वेळ आली, तर ती बाहेरूनच आली होती हे दाखवायला हीच पावती लागेल.